तान्ह्या बाळासाठी स्लिंग घ्यावी की बेबी कॅरियर? आरामाचं आणि सुरक्षित काय?

मधुमालती | ८ जून, दुपारी ३:१०

नमस्कार मंडळी,

लेक सात आठवड्यांची झाली. जन्मली तेव्हा २ किलो ६०० ग्रॅम होती, परवा ३ किलो ७०० भरली. माझं सिझेरियन झालंय. टाके आता दुखत नाहीत, पण तिला घेऊन फार वेळ उभं राहिलं की कंबर धरते. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. लस द्यायला न्यायचं असो की कोपऱ्यावरून औषध आणायचं असो, एक हात तिच्याखाली आणि दुसरा कठड्याला, मग पिशवी धरायला हात उरत नाही. संध्याकाळी सहा ते आठ तर ती खांद्यावरच शांत असते. पाळण्यात ठेवलं की टाहो.

म्हणून कांगारू बॅग घ्यायचा विचार आहे. पण शोधायला बसले आणि डोकं चक्रावलं. रिंग स्लिंग, रॅप, बकलवालं कॅरियर, हिप सीट, 'सहा पोझिशनवालं', 'दहा पोझिशनवालं'. फोटोंत निम्मी बाळं बाहेर तोंड करून पाय लोंबकळत बसवलेली.

सासूबाईंना दोन धास्त्या आहेत. एक, बाळ गुदमरेल. दुसरी, पाय फेंगडे होतील. त्या उगाच आडकाठी करणाऱ्या नाहीत, आणि खरं सांगायचं तर पहिली भीती माझ्याही मनात आहे. शिवाय मी पाच फूट एक इंच आणि नवरा सहा फूट. दोघांना एकच वस्तू चालेल का? आईकडे जुन्या सुती साड्या पुष्कळ आहेत, त्यातली एखादी बांधता येईल का? ज्यांनी खरंच वापरलंय त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

सातूचं पीठ | ८ जून, दुपारी ४:२५

अभिनंदन गं! दोन्ही मुलांना अंगावर बांधून वाढवलंय, त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सगळ्यात आधी खोक्यावरचं किमान वजन बघ. बाहेरच्या कंपन्यांची बरीच बकलवाली कॅरियर सव्वातीन-साडेतीन किलोपासून पुढे असतात, काही तर साडेपाच किलोपासून. आपल्याकडे कितीतरी बाळं अडीच-पावणेतीन किलोची जन्मतात. पाकिटावर 'न्यूबॉर्न' छापलेलं असतं, पण आपलं न्यूबॉर्न त्यात बसेलच असं नाही. तुझी ३ किलो ७०० म्हणजे काहींत जेमतेम बसेल. वय बघू नकोस, वजन बघ आणि तिची मांडी त्या बैठकीवर कशी पडते ते बघ. कॅरियरची बैठक तिच्या एका गुडघ्याच्या खोबणीपासून दुसऱ्या गुडघ्याच्या खोबणीपर्यंत पोचली पाहिजे, त्याहून रुंद नको. रुंद झाली तर पाय ताणले जातात, अरुंद झाली तर लोंबतात. म्हणून जिची बैठक कमी-जास्त करता येते तेच घे.

या वयाला मला रिंग स्लिंग, म्हणजे दोन कड्यांतून ओढून एका खांद्यावरून घ्यायचं कापड, सर्वांत सोयीची वाटली. कमरेला पट्टा नाही, त्यामुळे सिझेरियनच्या टाक्यांवर काही येत नाही. घडी पर्समध्ये मावते. एक वाईट गोष्ट, सगळं वजन एका खांद्यावर येतं. अर्ध्या-पाऊण तासाच्या कामाला उत्तम, दोन तास फिरायला नाही. खांदा बदलत राहावा.

निरामय | ८ जून, रात्री ९:४०

मी बालरोगतज्ज्ञ आहे. सासूबाईंची गुदमरण्याची भीती रास्त आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड, मान कच्ची आणि श्वासनलिका अरुंद व मऊ. पाठ गोल होऊन हनुवटी छातीला टेकली की नलिका दुमडते. पुरेसा श्वास मिळत नसलेलं बाळ रडून सांगू शकत नाही. ते गप्प होतं, आणि आईला वाटतं झोपलं. दुसरा धोका म्हणजे नाक-तोंड कापडात किंवा आपल्याच अंगात दाबलं जाणं. या दोन्ही गोष्टी काही मिनिटांत घडतात.

मार्च २०१० मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने स्लिंगबद्दल जाहीर इशारा दिला. आधीच्या वीस वर्षांत १४ बाळांच्या मृत्यूंचा स्लिंगशी संबंध आढळला होता आणि त्यातली १२ बाळं चार महिन्यांखालची होती. त्याच महिन्यात दहा लाखांच्या आसपास स्लिंग बाजारातून परत मागवल्या गेल्या. त्या होत्या खोल पिशवीसारख्या, कडेला इलॅस्टिक असलेल्या. बाळ त्यात आईच्या कमरेपाशी आडवं, मुटकुळं करून पडायचं आणि वरून चेहराही दिसायचा नाही. तसा आकार आजही ऑनलाइन विकायला दिसतो. तो घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

मग काय बघायचं? बाळ उभं, छातीवर, पोटाला पोट लावून. चेहरा मान खाली घालताच दिसला पाहिजे, एका गालावर वळलेला, त्यावर कापड नाही. डोकं इतकं वर की आपण जरा मान वाकवली तर कपाळाचा पापा घेता येईल. हनुवटी आणि छाती यांच्यात आपली दोन बोटं मावली पाहिजेत. आणि कापड घट्ट. आयांना घट्ट बांधायची भीती वाटते, पण सैल बांधलेलं बाळच आत घसरून गोळा होतं. तपासायला सोपी खूण आहे. बांधून झाल्यावर बाळाच्या पाठीवर तळवा ठेवून हलकेच दाबा. बाळ सरळ होत असेल किंवा तुमच्या अंगाकडे सरकत असेल, तर मध्ये जागा उरली आहे. पुन्हा आवळा. हे सगळे निकष ब्रिटनमध्ये 'टिक्स' या नावाने शिकवतात आणि माझ्या मते कुठल्याही ब्रँडच्या जाहिरातीपेक्षा ते जास्त उपयोगी आहेत.

बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, अजून अडीच किलोच्या आत असेल, सर्दीने नाक चोंदलं असेल किंवा अंग ढिलं वाटत असेल, तर आपल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय बांधू नका.

कुंदकळी | ८ जून, रात्री १०:०५

डॉक्टर, पण सरकारी रुग्णालयात कमी वजनाच्या बाळांनाच आईच्या छातीवर बांधून ठेवतात ना? माझ्या पुतण्याला तसं ठेवलं होतं, वजन १ किलो ८००. मग अडीच किलोखाली नको का म्हणता?

निरामय | ८ जून, रात्री १०:३५

चांगला प्रश्न. ती कांगारू मदर केअर. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एद्गार रे सानाब्रिया यांनी ती सुरू केली, कारण तिथे इन्क्युबेटर पुरत नव्हते. आता जागतिक आरोग्य संघटनाच कमी वजनाच्या बाळांना दिवसातून ८ ते २४ तास असं ठेवा म्हणते. फरक असा की ते त्वचेला त्वचा लावून करतात, नर्स बसवून देते, मान किंचित मागे आणि एका बाजूला ठेवायला शिकवते आणि बाळावर सतत लक्ष असतं. आई चालत-फिरत जिना उतरत नसते. पण एक बघा, तिथेही बाळ उभंच असतं, चेहरा उघडा आणि पाय बेडकासारखे दुमडून बाजूला. रुग्णालयात शिकवतात ती ठेवण आणि चांगल्या कॅरियरमधली ठेवण एकच.

ओवी | ९ जून, सकाळी ७:१५

मधुमालती, मी तुझ्या सासूबाईंच्याच वयाची असेन, म्हणून त्यांच्या दुसऱ्या काळजीबद्दल लिहिते.

आमच्याकडे मूल कडेवर घेऊनच घर चालायचं. कडेवरचं मूल कसं बसतं ते जरा आठवा. एक पाय आपल्या पोटाकडे, एक पाठीकडे, मांड्या फाकलेल्या, गुडघे कुल्ल्यांपेक्षा वर. तसं बसून पिढ्यान्‌पिढ्या मुलं वाढली, त्यांचे पाय फेंगडे झाले नाहीत. मग चांगल्या झोळण्यात, पट्ट्यात, त्याला जे काय म्हणता त्यात, बाळ तसंच बसत असेल तर पाय का बिघडावेत? सासूबाईंना फोटो दाखवू नकोस. बाळाला त्यांच्या कडेवर दे, मग तसंच कापडात बसवून दाखव. त्यांना आपोआप पटेल.

लहानपणी आमच्या माळावर धनगरांचे वाडे उतरायचे. कडेवर मूल, डोक्यावर बिऱ्हाड अशा बाया कोसच्या कोस चालायच्या. बाळाला अंगाशी धरणं आपल्याला काही परकं नाही.

निरामय | ९ जून, सकाळी ८:५०

ओवीताई, अगदी बरोबर, आणि यामागे शास्त्रीय कारण आहे. जन्मतः खुब्याच्या सांध्याची खोबण बरीचशी कूर्चेची, मऊ असते. मांड्या वर आणि बाजूला असल्या की मांडीच्या हाडाचा गोल त्या खोबणीत नीट बसून राहतो. पाय जबरदस्तीने सरळ आणि एकत्र ठेवले की तो बाहेरच्या बाजूला ओढला जातो. म्हणून खुब्याच्या विकारांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था कॅरियरमध्ये इंग्रजी 'एम' अक्षरासारखी बैठक सांगते. कुल्ले खाली, गुडघे वर, मांड्यांना गुडघ्यापर्यंत आधार. पहिले सहा महिने हे विशेष महत्त्वाचं.

आता एक गोष्ट जरा स्पष्ट लिहितो, कारण ती घरोघरी होते. न्हाऊ घातल्यावर बाळाचे पाय सरळ ओढून, जुळवून, दुपट्यात करकचून बांधतात, 'पाय सरळ होतात' म्हणून. खुब्याला खरा त्रास त्याने होऊ शकतो. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास बाळांचे पाय सरळ करून गुंडाळू नका अशी देशभर मोहीम झाली आणि तिथलं खुबा निखळण्याचं प्रमाण पुष्कळ खाली आलं. दुपट्यात हात गुंडाळा, छातीपाशी गुंडाळा, पण कमरेखाली सैल ठेवा, पाय वर घेता आले पाहिजेत.

एक वर्षापर्यंत बाळाचे पाय थोडे बाकदार दिसतातच. ते कॅरियरमुळे नसतं.

कुंदकळी | ९ जून, सकाळी ९:२०

मग ते बाहेर तोंड करून बसवतात ते? माझा सहा महिन्यांचा आहे, त्याला रस्ता बघायला फार आवडतं. आणि हिप सीट कशी?

ऱ्हाइनकाठची | ९ जून, दुपारी १२:३०

जर्मनीतून लिहितेय. इथे बाळंतपणानंतर बारा आठवडे सुईण घरी येते, ते आरोग्य विम्यातच असतं. आमच्या सुईणीनेच पहिल्यांदा कापड बांधायला शिकवलं. शिवाय ट्रागेबेराटुंग करणाऱ्या बायका असतात, म्हणजे कापडं आणि कॅरियर घेऊन घरी येऊन, वजनदार बाहुलीवर बांधायला शिकवणाऱ्या. त्यांच्याकडून शिकलेलं सांगते.

बाहेर तोंड असताना बाळाची पाठ आपल्या छातीवर सपाट दाबली जाते, पाय बहुतेक कॅरियरमध्ये सरळ खाली लोंबतात आणि बाळाला दमून मान टाकावीशी वाटली तर गाल टेकायला जागाच नसते. मान पक्की धरल्यावर, साधारण पाच-सहा महिन्यांनंतर, बाळ जागं आणि खुशीत असताना पंधरा-वीस मिनिटं चालेल. पेंगायला लागलं की आत वळवायचं. रस्ता बघायचा असेल तर कडेवर किंवा पाठीवर घेणं त्याहून चांगलं. पाठीवर मात्र बाळ आधाराशिवाय बसायला लागल्यावर आणि आपला हात बसल्यावर. पहिले काही दिवस पलंगाच्या काठाशी बसून, कोणालातरी जवळ उभं करून सराव करावा.

हिप सीट म्हणजे कंबरपट्ट्याला लावलेली फोमची छोटी बैठक. बसायला लागलेल्या, सारखं चढ-उतर करणाऱ्या बाळाला छान. पण नुसती बैठक असेल तर एक हात बाळाच्या पाठीशी ठेवावाच लागतो, हात मोकळे होत नाहीत. सात आठवड्यांच्या बाळासाठी ती नाही. मधुमालतीने तो पर्याय यादीतून काढून टाकावा.

ताणणारं होजिअरीचं रॅप, म्हणजे अंगाभोवती गुंडाळून बांधायचं लांब कापड, नवजात बाळाला अतिशय उबदार आणि मऊ असतं, पण बाळावरून कापडाचे तीन थर जातात. डिसेंबरात ठीक. पुण्याच्या उकाड्यात आई आणि बाळ दोघं घामाघूम होतील. आणि ते पाठीवर बांधायला कधीच वापरायचं नाही. ताणतं म्हणून बाळ मागे झुकून निसटू शकतं.

मधुमालती | ९ जून, दुपारी २:००

काय सुंदर माहिती देताय सगळे! सासूबाईंना ओवीताईंचं पोस्ट वाचून दाखवलं. त्यांनी लगेच नातीला कडेसारखं धरून बघितलं आणि म्हणाल्या, "हो की, हे तर तसंच." दुपटं आजपासून कमरेखाली सैल.

हिप सीट आणि ताणणारं रॅप यादीतून बाद. राहिलं काय, रिंग स्लिंग आणि बकलवालं. साडीचं कोणी सांगेल का? आणि रिंग स्लिंग घरी शिवता येईल का? माझी मावशी शिवणकाम उत्तम करते.

सुईदोरा | ९ जून, दुपारी ४:४५

माझा प्रांत! जरा विस्ताराने लिहिते.

आधी झोळीचं. आपली आढ्याला टांगायची झोळी आणि अंगावर बांधायचं कापड यांत कापड सोडलं तर काही सारखं नाही. झोळीत बाळ खोलगट होऊन पडतं, हनुवटी छातीकडे येते, बाजूंनी कापड मिटतं. डॉक्टरांनी वर जो धोका सांगितलाय तोच. तशी झोळी गळ्यात अडकवून बाळ न्यायचं नाही.

आता साडी. मुद्दाम बाळ बांधायला विणलेल्या रॅपचं कापड जरा वेगळं असतं. त्याला तिरप्या विणीमुळे कोनातून ओढलं की थोडी ढील मिळते, पण उभं-आडवं ते ताणत नाही. त्यामुळे बाळाच्या पाठीच्या गोलाईवर ते सारखं बसतं. युरोपात दिदिमोस नावाची कंपनी १९७२ साली एका जर्मन आईने सुरू केली. तिला जुळी झाली होती आणि मेक्सिकोतल्या पारंपरिक कापडात ती त्यांना बांधायची. आज जी विणलेली रॅप मिळतात त्यांची परंपरा बरीचशी तिथली. साडीची वीण साधी उभी-आडवी, म्हणून ती बाळाच्या अंगावर तितकी बसत नाही, आणि पातळ असल्याने खांद्यात दोरीसारखी रुतते. जाडसर हातमागाची सुती साडी लहान बाळाला थोडा वेळ चालते, पाच-साडेपाच मीटर लांबी पुरतेही. पण जुनी, विरलेली साडी नको. उजेडासमोर धरून बघा, जिथून उजेड जास्त येतो तिथे ती फाटणार. रेशमी, सिंथेटिक, जरीची तर मुळीच नको, गाठ घसरते. आणि साडी बांधायची तर शिकलेल्या कोणाकडून समोर बसून शिका, व्हिडिओ बघून पहिल्यांदा एकटीने नाही.

रिंग स्लिंग घरी शिवता येते. कापड नवं, सुती किंवा लिनन, सव्वादोन मीटरच्या आसपास लांब. खरी गोम कड्यांमध्ये आहे. हार्डवेअरच्या किंवा हस्तकलेच्या दुकानातली कडी वाकवून टोकं जोडलेली असतात. त्या जोडावर कापड अडकून झिजतं आणि झटक्याने जोड उघडू शकतो. बाळासाठी लागतात ती अखंड, जोड नसलेली ॲल्युमिनियमची किंवा जाड नायलॉनची, आणि ती 'स्लिंग रिंग' म्हणूनच विकत मिळतात. कडी हातात घेऊन आतून-बाहेरून नख फिरवा, कुठेही खाच लागता कामा नये. कापड दोन्ही कड्यांतून घेऊन दुमडल्यावर शिलाईच्या तीन ओळी, प्रत्येक ओळ दोन्ही टोकांना उलट-सुलट पक्की, पॉलिएस्टरचा मजबूत दोरा. सुती दोरा धुऊन धुऊन कुजतो. शिवून झाल्यावर बाळाच्या आधी पाच-सात किलोचं तांदळाचं पोतं त्यात घालून घरभर फिरा, वाका, हिसके द्या, मग उजेडात शिलाई तपासा.

बकलवालं मात्र घरी शिवू नका. त्याची बकलं, पट्टे, जाळी सगळं तपासलेलं हवं. लेबलवर अमेरिकेचं सुरक्षा मानक 'एएसटीएम एफ २२३६' किंवा युरोपचं 'ईएन १३२०९-२' लिहिलंय का बघा. स्लिंगसाठी अमेरिकन मानक 'एफ २९०७'. आपले सोल, कोलकोल असे भारतीय ब्रँडही आहेत, त्यांचे मापाचे तक्ते आपल्या अंगकाठीला जवळचे वाटले. कुठल्याही ब्रँडचं घेताना लेबलवर काय छापलंय ते स्वतः वाचा. आणि महागड्या परदेशी नावांच्या नकला खूप येतात, अर्ध्याहून कमी किमतीत 'ओरिजिनल' मिळत असेल तर सोडून द्या.

गडवेडा | ९ जून, रात्री ८:२०

बाबा लोकांकडून एक पोस्ट. मी पाच-अकरा, बायको पाच फूट. आम्ही एकच बकलवालं कॅरियर वापरतो. घेताना एवढंच बघितलं की कंबरपट्टा तिच्या कमरेला पूर्ण आवळला जातो का आणि माझ्या कमरेला पुरतो का. दोघांनी दुकानात घालून बघा, एकट्या मधुमालतीने नाही. पट्ट्यांवर दोन रंगांच्या दोऱ्याने टाके घालून दोघांच्या खुणा केल्यात, त्यामुळे दर वेळी नव्याने जमवाजमव करावी लागत नाही.

वजन खांद्यावर नाही, कमरेवर आलं पाहिजे. ट्रेकिंगची सॅक बांधताना जे करतो तेच. आधी कंबरपट्टा घट्ट, मग बाळ, मग खांद्याचे पट्टे, शेवटी पाठीमागची आडवी पट्टी. ती आडवी पट्टी मानेजवळ नको, दोन फऱ्यांच्या मधोमध. आखूड हातांच्या माणसाला ती लावायला कठीण जातं. मधुमालती, दुकानात ती एकटीने लावून बघ. ती नवऱ्याशिवाय लागणार नसेल तर तुझ्या कामाचं नाही, कारण तुला दिवसभर एकटीलाच वापरायचंय. पाठीवर पट्ट्यांची फुली येणारी कॅरियर असतात, त्यात हा प्रश्न येत नाही.

एक फार महत्त्वाचं. आपल्याकडे लोक बाळ कॅरियरमध्ये बांधून स्कूटरवर बसतात. कृपा करून करू नका. कॅरियर म्हणजे दुचाकीचा हार्नेस नव्हे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम काढला आणि तो वर्षभराने लागू झाला. चार वर्षांखालच्या मुलासाठी चालवणाऱ्याला जोडणारा हार्नेस, नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. नऊ महिन्यांखालच्या बाळाच्या मानेला हेल्मेटचं वजनच सोसत नाही, यातच काय ते आलं. कारमध्येही कॅरियरमधून काढून बेबी सीटमध्येच. ब्रेक लागला तर कॅरियरमधलं बाळ आपलं अंग आणि समोरची सीट यांच्यात सापडतं.

आणि गड-किल्ल्यांबद्दल विचारायला कोणी येईलच. फ्रेमवालं पाठीवरचं कॅरियर बाळ स्वतः नीट बसायला लागल्यावर. निसरड्या वाटा, कातळ, पावसाळा, गर्दी, तिथे बाळ अंगावर असो नसो, नेऊ नका.

मांडवीकाठ | १० जून, सकाळी १०:१०

पणजीहून. आमच्याकडे बारा महिने घाम, त्यामुळे थोडं त्याबद्दल. कॅरियर हाच कपड्याचा एक थर धरायचा. आत फक्त पातळ सुती झबलं. बाळ गरम झालंय का ते हाता-पायांवरून कळत नाही, मानेच्या मागे बोट घालून बघायचं. तिथे ओलसर लागलं की बाहेर काढून वारा द्यायचा. ऊन असेल तर कॅरियरवर ओढणी टाकतात लोक, ती चेहऱ्यावरून जाऊ देऊ नका, छत्री धरा. जाळीचं कॅरियर चांगलं, पण जाळी फक्त पाठीशी असते, आपल्या आणि बाळाच्या पोटांमधला घाम काही जात नाही. मध्ये सुती लंगोटाचं कापड ठेवते मी.

पावसाचं लक्षात घे. जाड पॅडवालं कॅरियर धुतलं की दोन-दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरतं. पट्ट्यांवर बाळ चोखतं तिथे सुटे रुमाली तुकडे लावून ठेव, तेवढेच रोज धुवायचे.

सातूचं पीठ | १० जून, सकाळी ११:३०

मांडवीकाठ, +१. म्हणूनच जूनमध्ये रिंग स्लिंग, रात्री धुतली की सकाळी वाळते.

स्वयंपाकाबद्दल कोणी लिहिलं नाही. बाळ अंगावर असताना गॅसपाशी उभं राहायचं नाही, गरम चहासुद्धा प्यायचा नाही. फोडणी उडते आणि बाळाचे हात कधी कुठे जातील सांगता येत नाही. भाजी निवडणं, कपडे घड्या करणं, फोनवर बोलणं, हे सगळं करा. खाली पडलेलं उचलायचं तर गुडघ्यात वाकून, एक हात बाळाच्या डोक्याशी. जिन्यावर कठडा धरायचाच, हात मोकळे झाले म्हणून दोन्ही हातांत पिशव्या नकोत.

अंगावर पाजताही येतं, पण त्यासाठी बाळ थोडं खाली घ्यावं लागतं. पिऊन झालं की पुन्हा वर, उभं, चेहरा मोकळा. तोंडात घेऊन झोपलं म्हणून तसंच खाली ठेवून कामाला लागायचं नाही. पहिल्या महिन्यांत मी तर बसूनच पाजायचे.

मधुमालती | १४ जून, संध्याकाळी ७:५०

दोन दिवसांपूर्वी मैत्रिणीची रिंग स्लिंग आणली आणि काल दुकानात जाऊन दोघांनी बकलवाली घालून बघितली. दुकानदार खोक्यातून काढून द्यायला तयार नव्हता, नवऱ्याने लावून धरलं. जिची बैठक बारीक होते असं एक मिळालं. किमान वजन साडेतीन किलो, पट्ट्यांची फुली पाठीवर. माझ्या कमरेला पट्टा पूर्ण आवळला जातो आणि टाक्यांच्या वर राहतो. तेच घेतलं. रिंग स्लिंग मावशी शिवतेय, कडी मागवली आहेत.

आज संध्याकाळी तिला बांधून घरातच फेऱ्या मारल्या. दोन बोटं मावतात, पापा घेता येतो, पाठीवर दाबलं तर सरकत नाही. सासूबाईंनी स्वतः तपासलं. आठच्या रडण्याआधीच झोपली. एकच शंका. तिचे पाय आत घेताना ती कुरकुरते आणि डाव्या पायाची बोटं आखडून धरते. बैठक अजून रुंद होतेय का?

ऱ्हाइनकाठची | १४ जून, रात्री ८:४०

वा, छान! तिने पायांत पावलं असलेलं, सलग शिवलेलं झबलं घातलंय का? कॅरियरमध्ये गुडघे वर गेले की ते कापड वर ओढलं जातं आणि बोटं दाबली जातात. बहुधा तेच असेल. पावलं नसलेला कपडा घाल किंवा एक माप मोठा, आणि बांधून झाल्यावर दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून कापड खाली सोडव. तरीही आखडून धरत असेल तर बैठकीची कड कुठे येते ते बघ. गुडघ्याच्या खोबणीत बोट सहज फिरलं पाहिजे. फिरत नसेल तर बैठक एका घराने कमी कर, आणि आधी तिचे कुल्ले खालून दोन्ही हातांनी जरा पुढे, तुझ्या पोटाकडे घे. गुडघे आपोआप वर येतील, पाय ओढावे लागणार नाहीत.